टक्... टक्... आणि ४२ हजार

जुनी कार्बन रोडबाइक स्वस्तात मिळतेय? घ्या, जरूर घ्या. पण एक दिवस ती बोलायला लागेल. तेव्हा नेमकं काय करायचं, हे आधी वाचून ठेवा.

बोपदेव घाटाच्या तिसऱ्या वळणावर आवाज आला. टक्. मग पुन्हा टक्. उजवा पाय खाली गेला की टक्, आणि फक्त तेव्हाच. सकाळचे साडेसहा वाजले होते, सासवडकडे जाणारे टेम्पो धूर सोडत शेजारून चालले होते, आणि त्या सगळ्या गोंगाटात मला तेवढा एकच आवाज ऐकू येत होता. तुमच्याकडे जुनी कार्बनची सायकल असेल, तर माझ्या पोटात काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. नसेल तर सांगते. मला वाटलं, गेली. फ्रेम तडकली.

ही सायकल मी गेल्या डिसेंबरात घेतली. सेकंडहँड म्हणणंसुद्धा तिचं कौतुक होईल, बहुतेक थर्डहँड असावी. २०११चं मॉडेल, पूर्ण कार्बन फ्रेम, मागे १० गिअर, रिम ब्रेक. किंमत ४२ हजार. त्यातले २४ हजार दोन वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेले. बाकीचे लॅपटॉपसाठी बाजूला ठेवलेले होते, ते मी हळूच इकडे वळवले. घरी सांगितलं, १५ हजारांना मिळाली. त्यावरही बाबा म्हणाले, "जुन्या सायकलला पंधरा हजार? सोन्याची आहे का?" बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत. गावाकडून डेपोपर्यंतचे सात किलोमीटर ते कितीतरी वर्षं काळ्या, दांडीवाल्या सायकलवरून गेले. त्यांना ४२चा आकडा सांगायची माझी हिंमत झाली नाही. (हे छापून आल्यावर कळेलच, असं तेव्हा वाटायचं. पण थांबा, ते पुढे येतंय.)

एवढ्या स्वस्तात का मिळतात?

१९८६मध्ये अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने कार्बनच्या फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकली. तेव्हा ते मटेरियल नवलाईचं होतं. पुढे सायकली इतक्या हलक्या होत गेल्या की, जागतिक सायकलिंग संघटनेला २०००मध्ये नियम करावा लागला, शर्यतीतली सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी नको. मग वजन कमी करण्याची चढाओढ संपली आणि दुसरी सुरू झाली. २०१८मध्ये रोड रेसिंगमध्ये डिस्क ब्रेकला रीतसर परवानगी मिळाली, त्यापाठोपाठ १२ गिअर आले, बॅटरीवर बदलणारे गिअर तर आधीच आले होते. ज्यांनी दहा-बारा वर्षांपूर्वी हौसेने लाख-दीड लाख मोजून रिम ब्रेकवाली कार्बन सायकल घेतली होती, त्यांनी नवी घेतली. जुनी गॅलरीत उभी राहिली, तिच्यावर टॉवेल वाळायला लागले. आणि शेवटी ती तुमच्या-माझ्यासारख्यांच्या वाट्याला आली.

खरं सांगू, यात वाईट काहीच नाही. माझी सायकल आठ किलोच्या आसपास आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या रूमवर मी ती एका हाताने उचलून नेते, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी असते.

कार्बन जुना झाला म्हणजे कुजला, असंही नाही. केसापेक्षा बारीक धाग्यांचं कापड इपॉक्सीत भिजवून, थरावर थर देऊन, साच्यात घालून तापवायचं, अशी ही फ्रेम बनते. ॲल्युमिनियम वर्षानुवर्षं ताण खाऊन हळूहळू थकतं. चांगला बनवलेला कार्बन त्या मानाने कमी थकतो. त्याला मारतात दोन गोष्टी, एखादा जोरदार मार आणि जास्त आवळलेला बोल्ट. लोखंडी सायकल पडली की पोचा दिसतो, चिमटा वाकलेला दिसतो. कार्बनमध्ये आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि वरचा रंग तसाच चकाचक. तुम्ही विकत घेताना तो रंगच बघत असता. मीही तेच केलं. फोटोत लाल-पांढरा रंग बघितला आणि भुलले.

मी काय बघायला हवं होतं

सीटपोस्ट. सगळ्यात आधी विकणाऱ्याला सांगा, "तुमच्यासमोर नाही, माझ्यासमोर ही बाहेर काढून दाखवा." ॲल्युमिनियमची सीटपोस्ट कार्बनच्या नळीत वर्षानुवर्षं राहिली, त्यात घाम आणि पावसाचं पाणी गेलं, की ॲल्युमिनियम गंजून फुगतं आणि आत घट्ट चिकटतं. मग ती काढताना फ्रेमच फुटायची भीती. विकणारा म्हणाला, "अहो, निघते की, पण आत्ता पाना नाहीये," तर समजून जा. माझी निघाली, पण अर्धा तास हलवून हलवून.

मग खालचा भाग, जिथे पेडलची दांडी फ्रेममध्ये जाते तो. मागच्या चाकाकडे जाणारी उजवी नळी, कारण चेन उतरली की ती तिथेच खरवडते. चिमट्याचा वरचा भाग, जिथे हँडल येऊन बसतं. पुढचं चाक काढून चिमट्याच्या आतल्या बाजूने बोट फिरवा. चाकं कार्बनची असतील तर दोनदा विचार करा. लांब घाट उतरताना रिमवर ब्रेक दाबत राहिलं, की ती सणसणीत तापतात आणि जुन्या रिमचा राळेचा थर ढिला पडू शकतो. माझ्याकडे साधी ॲल्युमिनियमची चाकं आहेत आणि मी त्यांच्यावर खूश आहे.

११ गिअरची जुनी शिमानो अल्टेग्रा किंवा ड्युरा-एस सायकल घेत असाल, तर क्रँक तपासून घ्या. दोन तुकडे चिकटवून केलेले त्यांचे काही क्रँक जोडावर सुटून तुटू शकतात, म्हणून सप्टेंबर २०२३मध्ये कंपनीने जून २०१२ ते जून २०१९ या काळात बनलेल्या ठरावीक मॉडेल्सची तपासणी आणि गरज पडल्यास बदलून देण्याची घोषणा केली. क्रँकच्या आतल्या बाजूला दोन अक्षरी कोड असतो, त्यावरून ते कळतं. माझा क्रँक १० गिअरचा, म्हणून त्या यादीत नाही. चला, एक काळजी कमी.

आवाज खोटं बोलतो

तर तो टक्. पुण्यात ढोल पथकात वाजवलं असेल तर हे पटकन कळेल. ढोलाच्या एका बाजूला टिपरू मारलं तरी अख्खा ढोल घुमतो. कार्बनची फ्रेम तशीच आहे, पोकळ, पातळ, कडक. मागच्या चाकापाशी काहीतरी कुरकुरतं आणि तुम्हाला शपथेवर वाटतं की आवाज पायाखालून येतोय.

पहिल्या दुकानातही तेच वाटलं. "बॉटम ब्रॅकेट गेलाय मॅडम." जुन्या सायकलीत हा भाग आट्यांवर फिरवून बसवलेला असायचा. २००० नंतर अनेक कंपन्यांनी बेअरिंग थेट दाबून बसवायला सुरुवात केली. वजन वाचलं, पण फ्रेमच्या भोकाचं माप केसभर जरी इकडेतिकडे असलं तरी बेअरिंग आत सूक्ष्म हलतं आणि कुरकुरतं. त्यामुळे या वयाच्या सायकलींमध्ये पहिला संशयित तोच, आणि बऱ्याचदा गुन्हेगारही तोच. नवीन बेअरिंग टाकलं, ३,२०० रुपये दिले. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी टक्.

दुसऱ्या दुकानात माणसाने सायकल उलटी केली, टॉर्च मारला आणि मला बोलावलं. "ही रेघ बघितली?" बॉटम ब्रॅकेटच्या थोडं वर, आडवी, साधारण दीड सेंटिमीटरची, केसासारखी रेघ. "फ्रेम क्रॅक आहे. चालवू नका. रिस्क आहे. आमच्याकडे एक फ्रेम आहे, हवी तर बघा." फ्रेमची किंमत ऐकून मी फक्त मान डोलावली आणि सायकल ढकलत रूमवर आले. कोथरूडपासून वारज्यापर्यंत. आवाज आणि रेघ एकाच जागी. पुराव्यात आता काही बाकी राहिलं होतं का?

त्यात रविवारी माझी पहिली बीआरएम होती. २०० किलोमीटर, साडेतेरा तासांत संपवायचे. चार महिने पहाटे पाचला उठून तयारी केली होती.

रात्री बाबांना फोन केला. रडले नाही, पण आवाजावरून त्यांना कळलं असावं. त्यांनी कार्बन म्हणजे काय हे विचारलंच नाही. विचारलं ते हे : "आवाज भार असताना येतो का रिकामं फिरवताना? बसून येतो का उभं राहिल्यावर? आत्तापर्यंत काय काय बदललंस?"

मी यादी सांगितली. बेअरिंग, पेडल, चेन, सगळं त्याच आठवड्यात.

"मग तुला कसं कळणार? एका वेळी एक गोष्ट बदलायची. बदलली की चालवून बघायची. नाही थांबला आवाज, तर पुढची. आम्ही काय बसचं इंजिन एकदम उतरवून ठेवतो का?" आणि मग, "शनिवारी सुट्टी आहे, येतो."

एका वेळी एकच

शनिवार यायला दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत मी जे केलं, ते तुम्ही पहिल्याच दिवशी करा.

आधी स्वतःला तपासा. जॅकेटची चेन, बुटाच्या लेसचं टोक, खिशातल्या किल्ल्या. हसू नका, आमच्या ग्रुपमधल्या एकाने आठवडाभर शोधलेला आवाज शेवटी लेसचा निघाला. मग सीटवरून उठून पेडल मारा. आवाज थांबला तर सीट किंवा सीटपोस्ट. पेडल थांबवून सायकल नुसती घरंगळत जाऊ द्या. तरी आवाज येत असेल तर चाक, आरे, टायर यांच्याकडे वळा. उभं राहून, ब्रेक दाबून हँडल पुढे-मागे ढकला. तिथे खटखट झाली तर वरचं बेअरिंग. मित्राचे पेडल लावून बघा. माझा आवाज बसूनही यायचा, उभं राहूनही यायचा, आणि फक्त जोर लावल्यावरच.

रेघेसाठी नाण्याची युक्ती आहे. रुपयाचं नाणं घेऊन फ्रेमवर हलकेच टकटक करत जायचं. आतले थर शाबूत असतील तर कडक, स्वच्छ आवाज येतो. सुटले असतील तर मेल्यासारखा थप्प. अडचण अशी की जोडांच्या जागी कार्बन जाड असतो, तिथे आवाज आपोआप बदलतो, म्हणून उजवीकडे वाजवलं की डावीकडे नेमकं त्याच जागी वाजवायचं आणि तुलना करायची. मी दोन्ही बाजूंना इतक्या वेळा वाजवलं की रूममेटने हेडफोन लावले. मला दोन्हीकडे सारखंच वाटलं. पण मला सारखं वाटावं अशी इच्छाही होतीच ना? रेघेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने बारीक खुणा केल्या, म्हणजे ती वाढली तर दिसेल. नख फिरवलं तर किंचित अडकत होतं. त्या किंचितने दोन रात्री झोप लागू दिली नाही.

शनिवारी बाबा स्वारगेटवरून थेट आले, खांद्यावर हत्यारांची कापडी पिशवी. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गोणपाट टाकून बसले. मी नाण्याची युक्ती दाखवली तर म्हणाले, "हे आम्ही रोज करतो. चाकाच्या नटांवर हातोडी मारत जायचं. ढिला नट वेगळा वाजतो." एवढंच. पाच दिवस मी ज्याला लेटेस्ट टेक्नॉलॉजी समजत होते, ती त्यांच्या डेपोत रोज सकाळी चालते.

त्यांना फ्रेमला पाना लावू देताना मात्र माझाच जीव वर-खाली. कार्बनवरचे बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळायचे. सीट किंवा हँडल धरणाऱ्या बोल्टपाशी आकडा छापलेला असतो, बऱ्याच ठिकाणी तो ५ न्यूटन मीटर असतो. बसच्या चाकाचे नट शेकड्यांत आवळणाऱ्या माणसाला मी ओरडून सांगत होते, "बाबा, पाच! फक्त पाच!" "पाच तर बोटाने होतं गं." पण त्यांनी रेंच घेतला आणि क्लिक झाल्याबरोबर हात काढला. तेवढ्यातच सीट सारखी खाली सरकण्याचं माझं दुसरं दुखणंही मिटलं. कार्बन सीटपोस्टला ग्रीस न लावता कार्बन पेस्ट लावायची असते. त्यात बारीक वाळूसारखे कण असतात, त्यामुळे कमी आवळूनही पकड येते. माझी पोस्ट ॲल्युमिनियमची असली तरी तिलाही पेस्टच लावली. गंजाला आडोसा होतो आणि घसरत नाही.

मग त्यांनी मागचं चाक काढलं. मागचा गिअर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर टांगलेला असतो, त्याला हँगर म्हणतात. सायकल उजव्या बाजूला पडली तर हा तुकडा वाकावा आणि फ्रेम वाचावी, यासाठीच तो वेगळा केलेला असतो. त्याला धरणारे दोन इवलेसे स्क्रू. एक ढिला होता, दुसरा बोटाने फिरत होता. हँगर आणि फ्रेमच्या मध्ये काळी, कुरकुरीत माती बसलेली, बहुधा मागच्या मालकाच्या काळातल्या पावसाळ्यांची. जोर लावला की तो तुकडा केसभर सरकायचा आणि टक् करायचा. चाक काढून पुन्हा पक्कं बसवलं की दोन-तीन दिवस गप्प बसायचा. दुकानात ३,२०० रुपये दिल्यावर जी शांतता मिळाली होती, ती याचीच. बाबांनी जुन्या बनियनच्या चिंधीने ते पुसलं, ग्रीसचं बोट फिरवलं, स्क्रू आवळले.

मी गल्लीत चार फेऱ्या मारल्या. वारज्याच्या चढावर उभी राहून, दात-ओठ खाऊन पेडल मारले. काही नाही. फक्त चेनची सुर्रर्र.

मी उड्या मारत परत आले, तर बाबा अजून सायकलच्या पोटाखाली वाकून बसलेले. "आणि ही रेघ?"

"अहो, आवाज थांबला ना!"

"आवाज थांबला म्हणून रेघ गेली का?"

उत्तर नव्हतं. रविवारी मी बीआरएमला गेले नाही. सकाळी सहाला मित्रांचे स्टार्ट पॉइंटवरचे फोटो बघत बसले आणि चहा दोनदा उतू घालवला. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण २०० किलोमीटरच्या रस्त्यात उतारावर पन्नासच्या वेगाने जाताना त्या रेघेचा विचार करत बसणं मला जमलं नसतं.

सोमवारी फायबर आणि कार्बनची कामं करणाऱ्या एका कारागिराकडे गेले. शहरात असे मोजके लोक आहेत, सायकलवाल्यांना विचारलं की पत्ता मिळतो. त्यांनी बारीक पॉलिश पेपर ओला करून रेघेवर हळूहळू घासला. आधी चकाकी गेली, मग लाल रंग, मग पांढरट लांबीचा थर, आणि रेघ तिथपर्यंतच होती. खाली काळे धागे, सरळ, एकही तुटलेला नाही. "लांबीला तडा आहे, कार्बनला नाही. जोडाजवळ हे होतं." वर लॅकर मारून दिलं, ८०० रुपये घेतले, आणि तीन महिन्यांनी दाखवून जा म्हणाले. उलटं निघालं असतं तर? तेही विचारलं. खराब भाग घासून, नवीन थर चढवून दुरुस्त होतो, पण जागेवर अवलंबून. चिमटा असता तर त्यांनी हात लावला नसता, सरळ बदला म्हणाले असते.

आवाज आणि रेघ यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता. फक्त त्या एकाच वेळी मला दिसल्या आणि ऐकू आल्या.

यानंतर सायकल गुण्यागोविंदाने चालतेय असं समजू नका. गेल्याच महिन्यात गिअरची वायर ब्रेकच्या लिव्हरच्या आत तारातारांनी तुटली, तेही खडकवासल्याहून परतताना. मागे सगळ्यात जड गिअर अडकून राहिला आणि घरापर्यंत मांड्यांचं जे व्हायचं ते झालं. गिअर अडखळायला लागला की सेटिंग करत बसण्याआधी लिव्हरचं रबर मागे सरकवून वायर बघा, हे तेव्हा कळलं.

सोमवारी कारागिराकडून निघाल्या निघाल्या बाबांना फोन लावला होता. "बाबा, नुसता रंग आहे. फ्रेम चांगली आहे." ते "बरं झालं" म्हणाले. मग मला राहवलं नाही. "आणि बाबा, सायकल पंधराची नाहीये. बेचाळीसची आहे."

"माहितेय. शनिवारी येताना गाडीत कंडक्टरच्या फोनवर बघितली."

मी गप्प. तेही जरा वेळ गप्प. मागे डेपोतला भोंगा ऐकू येत होता.

"तो हँगर का काय, त्याचा एक जादा मागवून ठेव. वाकला तर मिळणार नाही म्हणालीस ना?"

मागवलाय. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, आणि २०११चा म्हटल्यावर इकडे कुणाकडेच नव्हता. बाहेरून येतोय, तीन आठवडे लागतील.